अक्रोडाखालचं अंजीर

काव्रास्का, सान रोक्कोच्या जत्रेचा दुसरा दिवस

लिदुइना,

काल जत्रेत सरपंच तुझ्याबद्दल बोलला. मेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायची आपल्या खोऱ्यात रीतच आहे, म्हणून पहिली दोन-चार वाक्यं मी ऐकून घेतली. पुढे तो म्हणाला, "शांत, सोशिक लिदुइना, जिने डोंगराच्या सावलीतल्या दगडी तुकड्यात प्रेमाने अंजीर पिकवलं." सोशिक! माझ्या घशात वाइन अडकली. शेजारणीने पाठ थोपटली. तिला वाटलं मला रडू आलं. तेवढ्यात तो म्हणाला, "वादळात अक्रोड कोसळून भाऊ गेला, तरी तिने कधी तक्रार केली नाही." वादळात! त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं.

तुला तुझीच गोष्ट सांगायची म्हणजे वेडेपणा. पण ती धड माहीत असलेली मी एकटीच उरलेय, आणि ती कुणीतरी एकदा सरळ लिहून काढायला हवी. तुझा तुकडा आता झुरिचच्या एका जोडप्याने घेतलाय. गुणी आहेत, पण प्रत्येक दगडाला हात लावून "किती सुंदर" म्हणतात. सकाळी दोघं माझ्या दारात. "बाई, थंड जागा, निम्मा दिवस सावली, डोंगराची उंची. अंजिराची कुठली जात लावावी?" मी नावं सांगितली आणि दार लावणार, तर त्या पोरीने विचारलं, "आणि तो भला मोठा बुंधा कसला हो, मधोमध?"

त्यांना म्हटलं, उद्या सांगते. आणि तुला लिहायला बसले.

सगळं सुरू झालं तुझ्या बापापासून. चेल्सो हुशार माणूस, आणि त्याने जे काही बिघडवलं ते हुशारीनेच. आपल्याकडे जमीन एकाची आणि तिच्यात उभं झाड दुसऱ्याचं, हे आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं. कायद्याने ते कधीच मोडीत काढलं म्हणतात. पण कायदा खोऱ्याच्या तोंडाशी राहतो आणि झाडं वर. चेल्सोने वाटण्या करताना घर, अंगण आणि पावाची भट्टी तुझ्या भावाला, सेवेरिनोला दिली, पण भट्टीच्या भिंतीला टेकलेलं काळं अंजीर तुला. धुण्याच्या हौदामागची ताल, म्हणजे दगडी बांध घालून उतारावर केलेली शेताची पायरी, तुला, पण तालीत उभा असलेला अक्रोड सेवेरिनोला. अंथरुणावरून म्हणाला, "आता तुम्हाला एकमेकांच्या दारात यावंच लागेल."

आलात की. कुऱ्हाड घेऊन आलात.

बाप जाऊन महिना झाला नव्हता. अंगणात गुडघाभर बर्फ. मी तुझ्याकडे बकरीचं दूध न्यायला आले होते, तेव्हा तुझं गोठ्यावरचं बिऱ्हाड माझ्या घराला लागूनच होतं. वरून कुऱ्हाडीचा आवाज आला. तू कासंडी तशीच टाकून पळालीस आणि मी मागे. सेवेरिनोला आपल्या अंगणात तुझी ये-जा नको होती. रोज अंजिराच्या निमित्ताने येणार, त्याच्या बायकोला पिएराला टोमणे मारणार, भट्टीतला पाव मोडून खाणार. म्हणून तो निमित्तच तोडत होता. बुंध्यातून पांढरा चीक थेंबथेंब येत होता. तू जाऊन डावा हात घावाच्या खाली ठेवलास. "घाल! घाल माझ्यावर!"

त्याला वाटलं तू हात काढशील. तुला वाटलं तो थांबेल. एका आईची लेकरं तुम्ही.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बर्फात पडलं. मग तो ओरडला, "हात काढायचा ना, गाढवे!"

"तू थांबायचं ना, रेड्या!"

त्याने गळ्यातला रुमाल काढून तुझा हात बांधला, दातांनी गाठ आवळली. दुसऱ्या दिवशी उरलेलं झाड तोडलं. हे दोन्ही करणारा तो एकच माणूस, हे मला समजायला बरीच वर्षं लागली. डॉक्टरने विचारलं, "कशाने तुटली?" तू म्हणालीस, "पाव कापताना." डॉक्टर म्हणाला, "कुऱ्हाडीने?" तर म्हणे, "पाव शिळा होता."

गावाने न्याय काय केला? काही नाही. तू सगळ्यांना सांगत सुटलीस, त्याच्या जमिनीतलं माझं झाड त्याने मारलं, आता माझ्या जमिनीतलं त्याचं मी मारणार. म्हातारे म्हणाले, "पोरी, अक्रोड फळतोय. फळत्या झाडाला हात लावायचा नाही." अंजीर काय दगड देत होतं का? पण तो पुरुष, तू बाई, आणि अक्रोडाचं तेल सगळ्या गावाला आवडायचं.

त्या वर्षीची सान रोक्कोची जत्रा मी विसरणार नाही. सेवेरिनो गुत्त्यात पत्ते खेळत बसला होता. तू हाताला फडकं गुंडाळून त्याच्या टेबलापुढे उभी राहिलीस. "अक्रोड पाड. त्याच्या सावलीत माझ्या तालीत काही येत नाही. मला तिथे अंजीर लावायचंय."

तो हसला. "त्या खड्ड्यात? दुपारनंतर तिथे ऊन भीक मागूनही मिळत नाही. बर्फ वितळतं सगळ्यांत शेवटी. तिथे अंजीर?"

"पिकवून दाखवते."

"पिकव. एक पिकलेलं अंजीर त्या तालीतलं मला दिसलं, तर अक्रोड मी माझ्या हाताने पाडून देईन. दुसऱ्या कुणाला कुऱ्हाड लावू देणार नाही. मी स्वतः."

"ऐकलं का रे सगळ्यांनी?"

गुत्तेवाला बातिस्ता ग्लास पुसत म्हणाला, "ऐकलं. आता बाहेर जाऊन भांडा, ग्लास नवे आहेत."

तेव्हापासून तुझ्या जन्माचं एवढंच काम उरलं. बकऱ्या, चीज, कोंबड्या हे पोटापुरतं. लग्नही त्यातच राहिलं. वरच्या गावचा तो उमेदवार एकदा म्हणाला की अंजिराचा नाद सोड, आणि तू त्याला फावड्याच्या दांड्याने चौकापर्यंत पोचवून आलीस.

झाडं निवडायची तुझी पद्धत झुरिचच्या पोरांना सांगितली तर ती सामान बांधतील. लावायचं, बघायचं, आणि नाही जमलं तर उपटून चुलीत. बागेत यायच्या आधी झाडाला धमकी. "जगून दाखव, नाहीतर थंडीत मला ऊब दे." मी लोकार्नोच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, पुस्तकं माझ्याकडे होती, म्हणून पहिलं झाड मीच आणलं. डोत्तातो. तस्कनीचं, सोनेरी, मधासारखं. पुस्तकात पानभर स्तुती. आपल्याकडे त्याला पानं अशी फुटली की बकऱ्या कुंपणाला पाय लावून उभ्या राहायच्या. अंजिरं धरली ऑगस्टात. ऑक्टोबरात ती हिरव्या गोट्यांसारखी, आणि पहिल्या हिमात काळी पडून गळाली. त्याला लांबलचक उन्हाळा लागतो, आपला उन्हाळा तर शिंक येऊन जावी तसा. तू म्हणालीस, "मास्तरणी, तुझं झाड तुझ्यासारखं. बोलतं फार, देत काही नाही." खोडाला दोर बांधून उपटलंस.

दुसरं दक्षिणेकडचं, मोठ्या फळाचं. त्याचा उन्हाळ्याअखेरचा बहार पिकायला चिलटाएवढी एक माशी लागते, ती अंजिराच्या तोंडातून आत शिरते. ती माशी आपल्या थंडीत जगत नाही. हे मी तुला समजावून सांगितलं.

"मग माशी आण."

"अगं, जगत नाही ती!"

"मग झाडाला सांग, जगू नको." कोयता, चूल.

तिसरं कुठलं, ते ऐकल्यावर सरपंचाचे डोळे भरून आले असते. ते बापाचंच होतं. तुटलेल्या झाडाची एक काडी तू रक्ताळलेल्या हाताने उचलली होतीस, आणि ती जगली. चार-पाच उन्हाळे ती तुझ्या तालीत सरळसोट वाढली. पण त्या जातीला हवी होती भट्टीची भिंत, जी आठवड्यातून एकदा तापायची आणि रात्रभर ऊब धरायची. हौदामागच्या गारठ्यात तिने एकही फळ पिकू दिलं नाही. एका सकाळी मी आले तर तू बापाचं झाड बुंध्यापासून कापून टाकलं होतंस. मी तोंड उघडायच्या आत म्हणालीस, "बाप होता म्हणून काय झालं. मेलेल्याला जागा किती द्यायची?"

मग कुठे तू शहाणपणाने वागायला लागलीस. म्हणजे अर्धवट. उंची, थंडी आणि अर्धं ऊन असेल तर जात शेवटी बघायची, आधी जागा बघायची, हे तू स्वतः शोधलंस. उगवतीचं ऊन कुठे पडतं ते खडूने भिंतीवर आखलंस. त्या दगडी बांधाला पाठ लावून झाड लावलंस, मुळांच्या चहूबाजूंनी दगडी फरशा पुरल्यास, म्हणजे मुळं मोकाट सुटून नुसती पानं वाढवणार नाहीत. आणि मी तळ्याकाठच्या रोपवाटिकेतून दोन जाती आणल्या. एक बोर्दोची, लहान, काळी, सगळ्यांच्या आधी पिकणारी, तोंड मिटलेलं, त्यामुळे पावसाचं पाणी आत जाऊन आंबत नाही. दुसरी दाल्माती, हिरवी, मोठी, आतून लालभडक, थंडीला दाद न देणारी. आज सकाळी त्या पोरांना मी हीच दोन नावं दिली. आपल्याला ही दोन नावं किती हाडांच्या किमतीला पडली, ते नाही सांगितलं.

कारण अक्रोड होताच. दर वर्षी सप्टेंबर सरताना सेवेरिनो अक्रोड झोडायला यायचा. झाड त्याचं, म्हणून झाडापर्यंतची वाट त्याची, आणि खाली पडलेला दाणाही त्याचा. तो आणि पिएरा लांब काठ्या घेऊन यायचे आणि तुझ्या भाज्यांच्या वाफ्यांतून बुटांनी चालत जायचे. वरून फांद्या, पानं, हिरवी टरफलं असा पाऊस. तू बांधावर उभी राहून शिव्या द्यायचीस. तो वरून काठीच्या तालावर उत्तरं द्यायचा. पिएरा खाली मान घालून दाणे वेचायची. तिचे हात टरफलांच्या रसाने कोपरापर्यंत काळे.

ज्या वर्षी बोर्दोचं झाड पहिल्यांदा धरलं, त्या वर्षीही तो आला. अंजिरं अजून कडक होती, पण रंग चढायला लागला होता. अजून आठवडाभर ऊन मिळतं तर पिकलीच असती. काठीचा एक फटका खालच्या फांदीवर बसला आणि आख्खी फांदी फळांसकट खाली आली. मुद्दाम? मला नाही वाटत. पण तू दंताळं उचललंस आणि त्याच्या खांद्यात घातलंस. दाते आत रुतले. तो वळला आणि काठीने तुझ्या तोंडावर. दात पडला तुझा. तू तो थुंकून त्याच्या टोपलीत टाकलास. "घे, हाही तुझाच. तुझ्या झाडाखाली पडला!"

पिएरा म्हणाली, "आता पुरे करा ना दोघं." तुमच्या भांडणांत तिचं एवढं एकच वाक्य मला आठवतं. कुणी ऐकलं नाही.

आणि तू स्वतः झाडांना काय कमी मारत होतीस? आपण द्राक्षवेलींची माणसं. फेब्रुवारी आला की कोयता घ्यायचा आणि वेल दोन डोळ्यांवर, म्हणजे दोनच कोंब ठेवून, छाटायची, हे दूध पितानाच शिकतो. तू अंजिरंही तशीच छाटायचीस. दर फेब्रुवारीत, न चुकता, दोन डोळ्यांवर. गावातले सगळेच तसं करायचे आणि म्हणायचे, आपल्याकडे अंजीर होत नाही. एका जूनमध्ये भर उन्हात फुटवे काढत होतीस, चीक दंडांवर उडाला, आणि दोन्ही हात पोळल्यासारखे फोडांनी भरले. मी मलम लावत होते. तू म्हणालीस, "शोभतं. हे झाडही आमच्याच घरातलं."

पीक मात्र नाही. मरमर काम, आणि त्यानंतरही दर शरदात हिरव्या गोट्या. दर वेळी तू वर बघायचीस. "त्याच्यामुळे. त्या अक्रोडामुळे." मलाही तेच वाटायचं. सावली दिसत होती ना डोळ्यांना.

शेवटी एका जानेवारीत तू शिडी लावून अक्रोडावर चढलीस. सकाळचं ऊन अडवणारी पूर्वेची जाड फांदी करवतीने कापायला. सेवेरिनो हौदावर घोड्याला पाणी पाजायला आला होता. त्याने वर पाहिलं.

"उतर."

"उतरते. फांदीबरोबर."

"लिदुइना, झाड माझं आहे."

"बोटंही माझी होती!"

त्याने बर्फाचा गोळा मारला, आत दगड होता. तू करवत खाली फेकलीस. ती त्याच्या कानाला लागली आणि कानाची पाळी फाटून लोंबायला लागली. तो शिडीकडे धावला. तू उतरायला पाय टाकला होतास आणि त्याने शिडीला लाथ घातली, एकाच क्षणी. तू बांधावर पडलीस. मांडीचं हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या स्वयंपाकघरात ऐकला. मला वाटलं फांदी मोडली.

मी पोचले तेव्हा त्याने तुला पाठीवर घेतलं होतं. खाली रस्त्यापर्यंतची घसरडी दगडी पायवाट तो तुला पाठुंगळी घेऊन उतरला. त्याच्या कानाचं रक्त तुझ्या बाहीवर. आणि दोघांची तोंडं चालू.

"हळू चाल, म्हशीच्या!"

"वजन बघ आधी स्वतःचं. चीज विकतेस की खातेस?"

"मेले तर तुझ्या दारात पुरा मला."

"दारात जागा नाही. भट्टी आहे तिथे."

आधी इस्पितळ, मग ईस्टरपर्यंत तू माझ्याकडे. नरक होता तो. माझ्या पलंगावर पाय टांगून झोपायचीस आणि हुकूम सोडायचीस. फेब्रुवारी आला. "मास्तरणी, अंजिरं छाटायची राहिली. जा, कोयता घे."

"बर्फ आहे वाटेवर."

"मग बर्फ कोयत्याने काप!"

मी गेले नाही. सकाळी शाळा, संध्याकाळी तू, आणि छाटणी मला येत नव्हती. तू चार दिवस माझ्याशी बोलली नाहीस. ते चार दिवस बरे गेले.

ईस्टरनंतर तू कुबड्यांवर तालीत गेलीस. मी मागून. वाढलेल्या काड्या अस्ताव्यस्त, आणि गेल्या वर्षीच्या लाकडावर, पानाच्याही आधी, हिरवे दाणे. हरभऱ्याएवढे. तू म्हणालीस, "रोग पडला." मी वाकून पाहिलं. पाहिलं आणि हसू आलं, लिदुइना, आवरेचना.

"अंजिरं आहेत ही!"

"एप्रिलात?"

"पहिला बहार आहे हा. जुन्या काडीवर येतो. गेल्या वर्षीची काडी ठेवली तरच. जूनपर्यंत फुगेल, जुलैत पिकेल, शरदाची वाट बघायलाच नको."

तू एक दाणा नखाने दाबून पाहिलास. मग म्हणालीस, "म्हणजे दर फेब्रुवारीत मी..."

"हो."

"म्हणजे सावली नाही. अक्रोड नाही."

"अक्रोड थोडा असेलच. पण मुख्य तू."

तू कुबडी उचललीस. मी मागे सरले. तू बांधावर कुबडी आपटत राहिलीस, ती फुटेपर्यंत, मग उरलेल्या तुकड्याने. मग छाटणीचा कोयता घेतलास आणि पातं दगडाच्या फटीत घालून वाकवून मोडलंस. रडली नाहीस. सरपंचाला कुणीतरी सांगा, रडली नाहीस.

त्या उन्हाळ्यात तू तालीत कुत्रीसारखा पहारा दिलास. काळ्या पक्ष्यांना गोफण, उदमांजराला सापळा. सापडलेलं उदमांजर फावड्याने मारून कुंपणावर टांगलंस, बाकीच्यांना कळावं म्हणून. जुलै आला. एका रविवारी सकाळी दाल्मातीची चार अंजिरं माना टाकून लोंबत होती, सालीला बारीक भेगा, तळाशी मधाचा थेंब. तू एक तोडलंस. तीन बोटांच्या हातावर ठेवून तसंच बघत राहिलीस.

मी म्हटलं, "झालं की. आता सेवेरिनोचा अक्रोड गेला."

"नाही जायचा."

"का?"

"शर्त सावलीची होती. सावलीने माझं काही अडलं नव्हतं. माझ्या कोयत्याने अडलं होतं. आता त्याचं झाड पाडायला लावलं तर मीही कुऱ्हाडवालीच." मग लगेच आवाज चढवून, "पण अंजीर खाऊ दे त्याला! माझ्यासमोर खाऊ दे. चावून चावून खाऊ दे. मग सांगते, ठेव तुझं झाड."

घरी येऊन तू ससा शिजायला टाकलास, मक्याच्या पिठाच्या पोलेंताचं पातेलं चढवलंस. टेबलावर तीन ताटं मांडलीस, मग पिएरा आठवून चौथं. चारही अंजिरं द्राक्षाच्या पानावर, मधोमध. इतक्या वर्षांत तुझ्या टेबलावर त्याचं ताट मी पहिल्यांदा पाहिलं.

तू पोलेंता घोटत होतीस, पळी सोडता येत नव्हती. मला म्हणालीस, "मास्तरणी, जा. सेवेरिनोला हाक मार. मी बोलावलं तर यायचा नाही. सांग, जेवायला ये. झाडाचं काही बोलू नकोस, ते मी सांगते."

मी एप्रन काढला, चप्पल घातली आणि निघाले. कुठे थांबले नाही, कुणाशी बोलले नाही. त्याच्या घराची वाट हौदावरून जाते.

हौदाच्या वळणावर यांत्रिक करवत सुरू झाल्याचा आवाज ऐकू आला. आवाज तुझ्या तालीतून येत होता.

पिएराने मला नंतर सांगितलं. आदल्या संध्याकाळी वरच्या तालीवरून त्याने अंजिरं पाहिली होती. घरी येऊन करवतीची साखळी घासत बसला. सकाळी म्हणाला, "शब्द दिला होता." तुला कळायच्या आत, तुझ्यासमोर न करता, उरकून टाकायचं होतं त्याला. आपण अंजिरं घेऊन घराकडे वळलो तेव्हा तो वरच्या वाटेने उतरला असणार.

अक्रोडाचा तोल तुझ्या अंजिरांकडे होता. सरळ कापला असता तर त्यांच्यावरच पडला असता. म्हणून त्याने शेंड्याला दोर बांधून दोराचं टोक वरच्या बांधाच्या खांबाला ताणलं होतं, आणि झाड उलट्या बाजूला पाडायला चुकीच्या बाजूने कापत होता. एकटा. लाकूड माणसाचं ऐकत नाही.

करवत थांबली. मला वाटलं काम झालं. मी हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात बुंधा उभा चिरत गेल्याचा आवाज झाला, आणि फाटलेला अर्धा बुंधा मागे उसळून त्याच्या छातीवर बसला. मी पोचले तेव्हा तो बांधाला टेकून बसल्यासारखा होता, तोंडातून रक्त, डोळे उघडे. अक्रोड वरच्या तालीवर आडवा. तुझ्या अंजिराचं एक पानही फाटलं नव्हतं. जिथे त्या वेळेला कधी ऊन पडलं नव्हतं, तिथे ऊन होतं, त्याच्या बुटांवर.

तू तिथे पोचलीस तेव्हा पळी तुझ्या हातातच होती, पोलेंता ठिबकणारी. त्याच्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. "बोलावलंस ना त्याला?"

मी मान हलवली. नाही.

त्यानंतर तू तीसेक उन्हाळे त्याच तालीत काढलेस, अंजिरं पिकवलीस, लोकांना वाटलीस, फेब्रुवारीत कुणी कोयता घेऊन आलं तर दगड मारलेस. मला तू कधीच काही बोलली नाहीस, आणि बोलण्यासारखं माझ्याकडूनही काही झालं नव्हतं. मी चप्पल घालून निघाले होते. पण खरं ते लिहायचं ठरवलंय, तर हेही लिहिते. तू मला एकच काम सांगितलं होतंस, त्याला जेवायला बोलावण्याचं. ते राहिलं.